ख्यातीचे मूल्यांकन आणि परगावचा संघ

भागीदारीचे हिशेब शिकताना 'गुडविल' हे प्रकरण येते आणि वर्गातील निम्मे विद्यार्थी तेथेच अडखळतात. यंत्र दाखवता येते, माल मोजता येतो, उधारी वहीत लिहिलेली असते. गुडविल मात्र कोठे ठेवलेले असते ते कोणालाच दिसत नाही. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्याला 'ख्याती' हा शब्द दिला आहे. कन्नड विभागातील आमचे मित्र त्याला नुसते 'ओळ्ळेय हेसरु' म्हणतात, म्हणजे चांगले नाव. आणि मला वाटते, व्याख्या म्हणून तेवढे पुरे आहे. दुकानाचे नाव चांगले असले की गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि या 'पुन्हा येण्या'लाच पैशात मोल असते.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र दुकान नसून क्रिकेटचा संघ आहे. एखादा धंदेवाईक संघ आपले शहर सोडून दुसऱ्या शहरात खेळायला जातो तेव्हा त्याची ख्याती त्याच्याबरोबर जाते, की जुन्या मैदानावरच राहते? आणि नव्या शहरात पहिल्या हंगामाला जे लोक येतात ती त्या संघाची ख्याती मानावी काय? हा प्रश्न परीक्षेला कधी येणार नाही, पण इंदूर शहराने तो प्रत्यक्षात दोनदा अनुभवला आहे. शिवाय इंदूरचे आणि आपले मराठी माणसांचे नाते जुने. तेव्हा उदाहरण तेथलेच घेतो.

आधी थोडे पुस्तकातले. १९३४ साली इंग्लंडमधील एका खटल्यात ग्राहकांची तुलना प्राण्यांशी करण्यात आली आणि ती तुलना आजतागायत वाणिज्याच्या पुस्तकांतून चालत आली आहे. मांजर घराला धरून असते. मालक बदलला तरी ते घर सोडत नाही. कुत्रा माणसाला धरून असतो; मालक जाईल तेथे तो जातो. उंदराला घराचेही सोयरसुतक नाही आणि मालकाचेही नाही. याशिवाय त्या खटल्यात एक ससाही होता, तो आमच्या बऱ्याचशा पुस्तकांतून निसटला आहे. ससा येतो तो केवळ जवळ राहतो म्हणून.

आमच्या गल्लीतील एका किराणा दुकानदाराने चार वर्षांपूर्वी बाजारपेठेत मोठी जागा घेतली, तेव्हा हे चारही प्राणी मी डोळ्यांनी पाहिले. आमच्या आजीसारखी माणसे रिक्षाचे पैसे देऊन त्याच्या नव्या दुकानात जाऊ लागली, कारण तो निवडलेले तांदूळ देतो. काहीजण जुन्याच गाळ्यात आलेल्या नव्या दुकानदाराकडे जात राहिले. काही उंदीर जेथे साखर आठ आण्यांनी स्वस्त तेथे. (आता आठ आणे चालत नाहीत, पण हिशेब त्यांच्या डोक्यातून गेलेला नाही.) आणि बाजारपेठेतील दुकानाशेजारचे ससे पहिल्या महिन्यात इतके आले की दुकानदाराने दोन माणसे जास्त ठेवली. दिवाळीनंतर त्यातला एक माणूस काढावा लागला.

आता इंदूरकडे वळू.

२०११ साली आय.पी.एल.मध्ये कोची टस्कर्स केरळ हा नवा संघ आला. त्याच्या मालकांनी २०१० च्या लिलावात ३३ कोटी डॉलरहून अधिक बोली लावली होती. नाव कोची, राज्य केरळ, पण घरच्या सामन्यांपैकी शेवटचे दोन ठेवण्यात आले इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. १३ मे रोजी किंग्ज इलेव्हन पंजाबने तेथे कोचीला सहा गडी राखून हरवले. १५ मे रोजी कोचीने राजस्थानला ९७ धावांत गुंडाळून आठ गडी राखून सामना जिंकला. त्या दिवशी ब्रॅड हॉजने १३ धावांत ४ बळी घेतले. इंदूरच्या प्रेक्षकाला वाटले असेल की आपला संघ आता बसू लागला. पण सप्टेंबरात बँकेची हमी वेळेवर न दिल्याच्या कारणावरून नियामक मंडळाने करार रद्द केला आणि संघच उरला नाही. एका हंगामाचा संघ, त्यातले दोन सामने इंदूरच्या वाट्याचे. येथे ख्याती मोजण्यापूर्वीच पेढी बुडाली.

खरा नमुना २०१७ चा. गंमत अशी की सहा वर्षांपूर्वी पाहुणा म्हणून येऊन इंदूरच्या 'घरच्या' संघाला हरवणारा किंग्ज इलेव्हन पंजाब हाच संघ या वर्षी इंदूरला घर म्हणून आला. मोहाली हे त्याचे मूळ मैदान. त्याआधी धरमशालेलाही तो घरचे सामने खेळला होता आणि २०१६ साली नागपूरला खेळणार होता. पण महाराष्ट्रातील दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने मे महिन्यातील सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले आणि नागपूरचा बेत राहून गेला. मग इंदूर. म्हणजे हा संघ बिऱ्हाड पाठीवर घेऊनच निघालेला होता.

पहिल्या हंगामातील इंदूरचे सामने तीन. ८ एप्रिलला पुण्याच्या संघाने १६३ धावा केल्या आणि पंजाबने एक षटक राखून त्या पार केल्या. नवा कर्णधार ग्लेन मॅक्सवेल २० चेंडूंत ४४ धावा काढून नाबाद राहिला. १० एप्रिलला बंगळूरने १४८ केल्या, त्यांतल्या नाबाद ८९ एकट्या डिव्हिलियर्सच्या. पंजाबने ते लक्ष्य पंधराव्या षटकातच गाठले. दोन सामने, दोन विजय. नव्या शहरात पाय ठेवल्यावर आणखी काय हवे? २० एप्रिलला हाशिम आमलाने नाबाद १०४ धावा काढल्या, पंजाबने १९८ ची मजल मारली, आणि मुंबईने ती २७ चेंडू राखून ओलांडली. बटलरने ३७ चेंडूंत ७७ धावा केल्या. तेवढ्यात इंदूरचा पहिला हंगाम संपला. पुढचे सामने इतरत्र झाले आणि १४ मे रोजी पुण्यात ७३ धावांत सर्व बाद होऊन संघ पाचव्या क्रमांकावर थांबला.

या तीन सामन्यांच्या धावफलकावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. इंदूरकरांना पाहायला मिळालेल्या उत्कृष्ट खेळ्यांपैकी दोन, डिव्हिलियर्सची आणि बटलरची, पाहुण्यांच्या होत्या. ज्याला फटके पाहायचे होते त्याचे पैसे वसूल झाले. पण फटके पाहायला आलेला प्रेक्षक आणि आपला संघ जिंकावा म्हणून आलेला प्रेक्षक यांत फरक आहे. तिकीट दोघांचे सारखेच असते, म्हणून गल्ल्यावर बसलेल्याला तो कळत नाही.

येथे आय.पी.एल.च्या जमाखर्चाविषयी थोडे सांगणे जरूर आहे. प्रक्षेपणाच्या हक्कांचा पैसा मध्यवर्ती मंडळाकडे जमा होऊन त्याचा वाटा संघांना मिळतो. ही रक्कम प्रचंड. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे हक्क १६,३४७ कोटी ५० लाख रुपयांना गेले. घरच्या सामन्यांची तिकीटविक्री त्या संघाची, आणि मैदान देणाऱ्या राज्य संघटनेला प्रत्येक सामन्यामागे ठराविक शुल्क. म्हणजे मिळकतीचा मोठा भाग संघ कोठे खेळतो यावर अवलंबूनच नाही. आपल्या किराणा दुकानदाराला जागा बदलताना झोप येत नव्हती, कारण त्याचा सगळा गल्ला त्या जागेवर होता. ज्याचा बराचसा गल्ला परस्पर भरतो त्याला जागा बदलणे सोपे जाते, आणि सोडणेही.

२०१८ साली पंजाबने इंदूरला चार सामने खेळले. मुंबईकडून सहा गड्यांनी हार, राजस्थानवर सहा गड्यांनी विजय, कोलकात्याने २४५ धावा कुटल्या त्या सामन्यात ३१ धावांनी हार, आणि १४ मे रोजी बंगळूरविरुद्ध ८८ धावांत सर्व बाद होऊन दहा गड्यांनी हार. दोन वर्षांत सात सामने, तीन विजय. त्यानंतर हा संघ इंदूरला घर करून राहिला नाही.

मग पहिल्या हंगामातील त्या दोन लागोपाठच्या विजयांचे, त्या उत्साहाचे मोल काय धरायचे? येथे आपले पुस्तक उपयोगी पडते. ख्याती काढण्याची सोपी पद्धत म्हणजे सरासरी नफ्याची. समजा, एका दुकानाचा पाच वर्षांचा नफा ४०, ५०, ४५, १४० आणि ५० हजार रुपये आहे. सरासरी ६५ हजार. दोन वर्षांच्या खरेदीने ख्याती १ लाख ३० हजार. पण चौथ्या वर्षी शेजारची सगळी दुकाने रस्तारुंदीसाठी बंद होती, म्हणून १४० हजार आले. ते वर्ष वगळले की सरासरी ४६,२५० आणि ख्याती ९२,५००. परीक्षेत हे वर्ष वगळायचे विसरले की गुण जातात. धंद्यात विसरले की घर जाते. नव्या शहरातील पहिला हंगाम हे जवळजवळ नेहमीच असे असाधारण वर्ष असते, असे माझे म्हणणे आहे.

याचा सर्वांत मोठा पुरावा क्रिकेटचा नाही, अमेरिकेतील बेसबॉलचा आहे. बेसबॉल हा चेंडूफळीचाच एक चुलतभाऊ. तेथील संघ गेली शंभरसव्वाशे वर्षे पुरते धंदेवाईक आहेत आणि मालकाला परवडले नाही तर संघ सरळ गाव बदलतो. बोस्टन ब्रेव्हज हा एकोणिसाव्या शतकापासूनचा संघ. १९५२ साली संपूर्ण हंगामात त्याच्या घरच्या सामन्यांना २,८१,२७८ प्रेक्षक आले. मार्च १९५३ मध्ये मालकाने तो मिलवॉकी शहरात हलवला, आणि त्या पहिल्याच हंगामात प्रेक्षक आले १८,२६,३९७. सहापटींहून अधिक! संघ तोच, खेळ तोच. पुढे १९५७ साली तो अजिंक्यही झाला. आपण त्या वेळी तेथे लेखापाल असतो तर ख्यातीच्या खात्यावर केवढा आकडा लिहिला असता! पण १९६५ च्या हंगामात त्याच मैदानावर ५,५५,५८४ लोक आले आणि १९६६ पासून संघ अटलांटा शहरात खेळू लागला. बारा वर्षांनी त्याच गावातील गर्दी एक तृतीयांशाच्या आत आली. याला बरीच कारणे झाली. १९६५ चा हंगाम सुरू होण्यापूर्वीच संघ जाणार हे लोकांना कळून चुकले होते हे त्यांतले एक. जाणाऱ्याला कोण निरोप देत बसतो?

याउलट उदाहरण नाही असे मात्र नाही. २०१८ च्याच एप्रिलमध्ये चेन्नई सुपर किंग्ज हा संघ दोन वर्षांच्या निलंबनानंतर परत आला. कावेरीच्या पाण्याचा वाद कन्नड विभागातील मित्रांना मी काय सांगावा! त्या वादात चेन्नईत आंदोलन पेटले, १० एप्रिलच्या सामन्यात मैदानावर पायताण फेकले गेले, आणि उरलेले घरचे सामने पुण्याजवळ गहुंजे येथे हलवण्यात आले. पाण्यावरून गाव सोडलेला हा संघ पुण्यात आला तर तेथेही पाणीच आडवे आले. पवना धरणाचे पाणी मैदानासाठी देण्यास मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. तरी सामने झाले. पुण्यातील पहिल्या सामन्यासाठी चेन्नईहून सुमारे हजार पाठीराख्यांची खास आगगाडी आली. त्या दिवशी वॉटसनने शतक ठोकले. पुण्यातील सहा सामन्यांपैकी पाच या संघाने जिंकले आणि २७ मे रोजी मुंबईत चषक उचलला.

हा कुत्र्याच्या जातीचा ग्राहक. (शब्द कोर्टाचा आहे, रागावू नये.) मालकामागे हजार कोस येणारा. मात्र पुण्याच्या स्वतःच्या प्रेक्षकाचे काय? त्याचा रायझिंग पुणे हा संघ २०१६ आणि २०१७ अशी दोनच वर्षे जगला, तोही करार तेवढाच होता म्हणून. आणि त्या संघातून धोनी याच गहुंज्याला खेळून गेला होता. तेव्हा पुणेकराने २०१८ साली चेन्नईला टाळ्या दिल्या त्यातील काही आपल्याच मोडलेल्या संसाराच्या असाव्यात. पुढच्या वर्षी चेन्नईचा संघ चेन्नईला परतला. योग्यच झाले, तो तेथलाच होता.

आता प्रश्न राहतो मांजराचा. घराला धरून राहणारी ख्याती क्रिकेटमध्ये असते काय? असते, आणि ती पाहायला पुन्हा इंदूरलाच जावे लागते.

होळकर स्टेडियम हे नाव त्या मैदानाला २०१० साली मिळाले. ज्या होळकर संघावरून हे नाव डोळ्यांसमोर येते तो १९४१-४२ पासून रणजी करंडकात या नावाने खेळला. त्याआधी मध्य भारतातील संघ 'सेंट्रल इंडिया' म्हणून उतरत असे. आता कोणी म्हणेल, तो राजाचा संघ, त्याची धंदेवाईक संघाशी तुलना कशी? पण खेळाडूला पगार देऊन परगावाहून आणणे आणि त्याच्या खेळावर आपल्या गावाचे नाव लावणे, हे तर तेथेही होतेच. फक्त पगार क्रिकेटचा म्हणून न देता लष्करातील हुद्द्याचा म्हणून दिला जाई. सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. तुकोजीराव होळकरांनी १९२३ साली त्यांना इंदूरला बोलावून सैन्यात कप्तान केले, पुढे ते कर्नल झाले. चंदू सरवटे सागरचे, हिरालाल गायकवाड नागपूरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. मुश्ताक अली आणि माधवसिंग जगदाळे हे इंदूरचे घरचे. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन, जो महायुद्धात महू येथील छावणीत होता, होळकरांकडून नाबाद २४९ धावा काढून गेला. सामना तरी मुंबईनेच जिंकला.

म्हणजे परक्या माणसांचा प्रश्न नव्हताच. किंग्ज इलेव्हनमध्ये जितके परगावचे, जवळजवळ तितकेच होळकर संघात. फरक दुसरीकडे आहे. होळकर संघ १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा अंतिम फेरीत गेला आणि चार वेळा विजेता झाला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. सरासरी काढायला अकरा वर्षे हाताशी आहेत, एखादे असाधारण वर्ष वगळले तरी बिघडत नाही.

त्यांतल्या एका सामन्याची आठवण मैसूरच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या, अभिमान्यांची क्षमा मागून देतो. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात इंदूरच्या यशवंत क्लबच्या मैदानावर होळकरांनी मैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. एका डावात सहा शतके: भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंग १००. सरवट्यांनी मैसूरच्या पहिल्या डावात ९ बळीही घेतले. मैसूर १९० आणि फॉलोऑननंतर ५०९, सामन्यात होळकर विजयी. पण ९१२ धावा होईपर्यंत उन्हात उभे राहून मग दुसऱ्या डावात ५०९ काढणाऱ्या मैसूरला काय म्हणावे? मला तर तो आकडा ९१२ पेक्षा मोठा वाटतो. त्यानंतर बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात नायडूंनी २०० धावा केल्या. तेव्हा त्यांच्या वयाला पन्नास वर्षे पूर्ण झाली होती.

आणि ही परगावची माणसे परत गेली नाहीत. नायडूंचा मृत्यू १९६७ साली इंदूरलाच झाला. सरवटे इंदूरकरच झाले आणि २००३ साली तेथेच वारले. संस्थान गेले, १९५४-५५ च्या हंगामानंतर संघही गेला, तरी पंचावन्न वर्षांनी मैदानाला नाव देण्याची वेळ आली तेव्हा नाव आठवले ते होळकरांचेच. मालक बदलला, मांजर घरातच राहिले.

२०२१ साली आय.पी.एल.ने दोन नवे संघ विकायला काढले. ज्या सहा शहरांतून निवड करायची होती त्यांत अहमदाबाद, लखनौ, कटक, गुवाहाटी, धरमशाला यांच्याबरोबर इंदूरही होते. २५ ऑक्टोबर रोजी बोली उघडल्या तेव्हा लखनौ ७,०९० कोटींना आणि अहमदाबाद ५,६२५ कोटींना गेले. लखनौ घेणारा समूह तोच, ज्याच्याकडे पुण्याचा दोन वर्षांचा संघ होता. इंदूर राहिले. बोली लावणाऱ्यांनी काय हिशेब केला ते त्यांनाच ठाऊक; पण अहमदाबादच्या मैदानात लाखाहून अधिक माणसे बसतात आणि इंदूरच्या मैदानात सुमारे २७ हजार, एवढे तर कोणीही मोजू शकतो. होळकरांच्या चार विजेतेपदांसाठी या बोलीत रकाना नव्हता.

पुढल्याच वर्षी, २६ जून २०२२ रोजी, मध्य प्रदेशाने रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईला सहा गडी राखून हरवले. सामना बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, म्हणजे मूळचा मुंबईकर, पुन्हा एक परगावचा माणूस. १९९९ साली याच मैदानावर मध्य प्रदेशाचा कर्णधार म्हणून तो कर्नाटकाकडून अंतिम सामना हरला होता. होळकरांच्या शेवटच्या विजेतेपदाला तोवर एकोणसत्तर वर्षे झाली होती. परंतु विक्रमांच्या वहीत हे मध्य प्रदेशाचे पहिले विजेतेपद म्हणून नोंदले गेले आहे. होळकरांची चार वेगळ्या खात्यावर आहेत. ती शिल्लक पुढच्या पानावर कोणी ओढलेली नाही.